२३६ फुगे

फर्स्ट इयरच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला आपल्याला एक मंत्र मिळतो : बेस्ट फिट. दहा रीडिंग घ्यायची, ग्राफपेपरवर दहा ठिपके द्यायचे, त्यातले आठ एका रेषेत बसले की उरलेल्या दोघांना ‘एरर’ म्हणून वाळीत टाकायचं आणि पट्टी धरून झकास रेघ मारायची. व्हायवाला विचारलंच तर उत्तर तयार असतं. इन्स्ट्रुमेंटल एरर, सर! सरही मान हलवतात, कारण बहुतेक वेळा ते खरंच असतं. उपकरण जुनं असतं, स्प्रिंग ढिली पडलेली असते, थर्मामीटरवरचे आकडे पुसट झालेले असतात.

मला ज्याच्याबद्दल लिहायचं आहे त्या माणसाच्या ग्राफवर असे वाळीत टाकण्याजोगे ठिपके एक-दोन नव्हते, ढीगभर होते. त्याची रेघ ठराविक उंचीपर्यंत छान खाली उतरायची आणि मग आडवी व्हायची. पुन्हा मोजलं की पुन्हा आडवी! त्यानं ते ठिपके खोडले नाहीत. आणि शोध लागला, शोध लागला म्हणून गावभर ओरडतही सुटला नाही. चारेक वर्षं तो स्वतःच्याच थर्मामीटरवर संशय घेत बसला. त्या संशयातून आपल्या वातावरणाचा दुसरा मजला सापडला.

नाव जरा जिभेला वळण देणारं आहे : लेआँ फिलिप तेसराँ द बोर. आपण तेसराँ म्हणू. हवामानशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात वातावरणाच्या थरांचं प्रकरण निघालं की हे नाव भेटतंच. चंद्राच्या आपल्याला न दिसणाऱ्या बाजूवर एक विवर त्याच्या नावाचं आहे. मंगळावरही आहे. मंगळाचं एक वेळ समजू शकतो, पण ज्या चंद्राला धड वातावरणच नाही तिथे वातावरणवाल्याचं नाव, हा विनोद कुणाला सुचला देव जाणे.

तेसराँचा जन्म ५ नोव्हेंबर १८५५ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील इंजिनिअर, म्हणजे आपल्यातलेच! घरची परिस्थिती उत्तम. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे याच पैशानं काम केलं. १८८० साली, पंचविशीच्या आत-बाहेर असताना, तो पॅरिसच्या राष्ट्रीय हवामान कचेरीत लागला. ही कचेरी तेव्हा अगदी नवी होती, १८७८ मध्ये सुरू झालेली. प्रमुख होते मास्कार नावाचे पदार्थवैज्ञानिक. १८८३, १८८५ आणि १८८७ अशा तीन खेपांना तेसराँ उत्तर आफ्रिकेत जाऊन आला. तिथं भूगर्भ आणि पृथ्वीचं चुंबकत्व हे विषय होते. आज आपण म्हणू, काय हे, धड एक ब्रँच नाही! पण त्या काळी माणसं अशीच असायची.

या काळातलंच त्याचं एक काम मला फार आवडतं. युरोपातल्या हिवाळ्यांचा अभ्यास करताना त्याच्या लक्षात आलं की एखादा हिवाळा कडक जाणार की सौम्य, हे काही मोजक्या मोठ्या दाबक्षेत्रांवर ठरतं. आइसलँडजवळचा कमी दाब, अझोर्स बेटांजवळचा जास्त दाब, सायबेरियावरचा जास्त दाब. ही क्षेत्रं जरा इकडेतिकडे सरकली की सगळ्या खंडाचं हवामान बदलतं. त्यांना त्यानं नाव दिलं, वातावरणाची क्रियाकेंद्रं. हाच धागा पुढे भारतात आला. १९०४ ते १९२४ या काळात भारतीय वेधशाळांचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर मान्सूनचा अंदाज बांधायला जगभरच्या दाबांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहत होते, तेव्हा दूरदूरच्या दाबक्षेत्रांचं एकमेकांशी नातं असतं हीच कल्पना त्यांच्या हाताशी होती. एल निनोची बातमी आज आपल्याकडे पेपरात पहिल्या पानावर येते, तिची एक मुळी तिथपर्यंत जाते. असो, विषय थरांचा आहे.

१८९२ मध्ये तेसराँ कचेरीचा मुख्य हवामानतज्ज्ञ झाला. सरकारी नोकरी, पॅरिस शहर, मोठं पद. आणि १८९६ साली त्यानं राजीनामा दिला!

का? कारण कचेरीत बसून जमिनीवरचे आकडे गोळा करायचा त्याला कंटाळा आला होता, असं मला वाटतं. हवामान घडतं वर, आणि आपण मोजतो खाली. त्याला वर जायचं होतं. व्हर्सायजवळ त्राप नावाचं गाव आहे. तिथं त्यानं स्वतःच्या पैशानं स्वतःची वेधशाळा उभारली. त्याच १८९६ साली स्वीडनच्या हिल्डेब्रांडसन आणि स्वित्झर्लंडच्या रिगेनबाख यांच्याबरोबर त्यानं तयार केलेला ढगांचा आंतरराष्ट्रीय ॲटलासही प्रसिद्ध झाला. जगात सगळीकडे ढगांना एकाच नावानं हाक मारायची सोय त्या ॲटलासनं केली.

वर जायचं म्हणजे काय, हे समजायला थोडं मागं जायला हवं. १८६२ च्या ५ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये ग्लेशर आणि कॉक्सवेल हे दोघं वायूच्या फुग्यातून इतके वर गेले की ग्लेशर बेशुद्ध पडला. कॉक्सवेलचे हात गारठून निकामी झाले, तेव्हा त्यानं व्हॉल्व्हची दोरी दातानं ओढली म्हणून दोघं जिवंत खाली आले. १८७५ च्या १५ एप्रिलला फ्रान्समध्ये ‘झेनिथ’ नावाच्या फुग्यातून तिघं वर गेले. सोबत प्राणवायू होता, पण तो घेण्याआधीच शुद्ध हरपली. फुगा ८ किलोमीटरच्या वर जाऊन आपोआप उतरला तेव्हा क्रोसे-स्पिनेली आणि सिवेल मेलेले होते, फक्त तिसांदिए वाचला. तेसराँ तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. सगळा फ्रान्स हळहळला होता.

म्हणजे ८-९ किलोमीटर ही माणसाची हद्द ठरली. त्यावर माणूस नको, नुसतं उपकरण पाठवू, ही युक्ती १८९२-९३ मध्ये एर्मित आणि बेझाँसाँ या दोन फ्रेंच गृहस्थांनी करून दाखवली. बिनमाणसाचा फुगा, त्याला टांगलेली एक पेटी. पेटीत घड्याळाच्या यंत्रावर फिरणारा डबा, त्यावर काजळी धरलेला कागद, आणि कागदावर रेघ ओढणाऱ्या बारीक सुया. एक सुई हवेच्या दाबाची, एक तापमानाची. दाबावरून उंची काढायची. फुगा कुठंतरी पडणार, मग ती पेटी ज्या शेतकऱ्याला सापडेल त्यानं ती परत पाठवावी म्हणून सोबत चिठ्ठी आणि बक्षिसाचं आमिष. ना वायरलेस, ना जीपीएस. सगळा भरवसा अनोळखी माणसाच्या चांगुलपणावर!

तेसराँनं हेच तंत्र उचललं आणि त्याचा कारखानाच काढला. त्याचे फुगे व्हार्निश दिलेल्या कागदाचे असत, आत हायड्रोजन. कागदाचा फुगा वाऱ्यात फुगवणं म्हणजे दिवाळीत आकाशकंदिलाचा सांगाडा गच्चीवर चिकटवण्यासारखं, एक झुळूक आली की गेला! म्हणून त्यानं रुळांवर फिरणारी लाकडी शेड बांधून घेतली. वारा ज्या बाजूनं असेल तिकडे पाठ करून शेड वळवायची आणि आडोशातून फुगा सोडायचा. मेकॅनिकलवाल्यांनी या शेडला सलाम ठोकायला हरकत नाही.

फुग्यांच्या जोडीला पतंगही होते. पेटीच्या आकाराचे मोठे पतंग, दोऱ्याऐवजी पियानोची पोलादी तार. एकदा ही तार तुटली आणि कित्येक किलोमीटर तार फरफटवत पतंग पॅरिसवरून गेले. सेन नदीतली बोट अडली, आगगाडी अडली आणि रेनशी असलेला तारसंपर्क तुटला, तोही नेमका ज्या दिवशी सगळा देश रेनच्या कोर्टातल्या ड्रायफस खटल्याच्या निकालाकडे डोळे लावून बसला होता, असं सांगतात. शेजाऱ्यांना तो किती प्रिय झाला असेल याची कल्पना करा.

आता मुद्द्याची गोष्ट. १८९८ पासून त्रापहून फुगे वर जायला लागले. तेव्हाची समजूत काय होती? वर जावं तसं थंड होत जातं. डोंगरावर गेलेल्या कुणालाही हे माहीत होतं. किलोमीटरला साधारण साडेसहा अंश सेल्सिअस. मग ही रेघ तशीच पुढे वाढवली तर? जमिनीवर १५ अंश धरले तर ४४-४५ किलोमीटरला आपण निरपेक्ष शून्यावर पोचतो. करून बघा, दोन ओळींचं गणित आहे. त्या काळच्या बऱ्याच लोकांना यात काही वावगं वाटत नव्हतं. हवा विरळ होत जाते, थंड होत जाते, आणि शेवटी अवकाशाच्या गारठ्यात विरून जाते. एकच सलग हवा, एकच सलग उतार. थर वगैरे काही नाही.

तेसराँच्या काजळीच्या कागदावर मात्र वेगळंच यायला लागलं. साधारण ११ किलोमीटरपर्यंत तापमान नेमानं उतरायचं, उणे पन्नास-पंचावन्नच्या घरात जायचं, आणि तिथून पुढे... काहीच नाही. फुगा वर चाललाय, दाब कमी होतोय, तापमानाची सुई जागच्या जागी.

असं आधीही एखाद-दुसऱ्या फुग्यात दिसलं होतं. एर्मित-बेझाँसाँच्या फुग्यात तर तापमान वर गेल्यावर चक्क वाढलेलं दिसलं होतं. सगळ्यांनी उत्तर ठरवून टाकलं होतं, उन्हानं पेटी तापली. आणि हे उत्तर मूर्खपणाचं अजिबात नव्हतं, उलट उत्तम इंजिनिअरिंग होतं! ज्यांनी हीट ट्रान्सफर केलंय त्यांना लगेच पटेल. थर्मामीटर हवेचं तापमान दाखवत नाही, तो स्वतःचं तापमान दाखवतो. भोवतालची हवा त्याच्यावरून वाहत राहिली तर दोन्ही तापमानं सारखी होतात. पण ११ किलोमीटरवर हवेची घनता जमिनीवरच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. वाहून नेणारी हवाच कमी, आणि वरून सूर्य मात्र जमिनीपेक्षा प्रखर. त्यात कागदाचा फुगा आपल्या कमाल उंचीजवळ आला की त्याचा वेग मंदावतो, म्हणजे थर्मामीटरवरून जाणारा वारा आणखी कमी. बरोबर ज्या उंचीवर रेघ आडवी होते, त्याच सुमारास उपकरणावरचा विश्वासही संपतो. यापेक्षा संशयास्पद ठिपके कोणते असणार?

मला वाटतं, तेसराँचा मोठेपणा इथं आहे. त्यानं ‘उन्हानं तापली असेल’ हे वाक्य मान्यही केलं नाही आणि झटकूनही टाकलं नाही. ते तपासायचं ठरवलं. ऊन हे कारण असेल तर ऊन काढून टाकू! त्यानं फुगे रात्री सोडायला सुरुवात केली. जवळपास निम्मे फुगे रात्रीचे. काळोखात हायड्रोजन भरायचा, शेड वळवायची, कागदी फुगा सोडायचा आणि मग दिवसचे दिवस पेटी परत यायची वाट बघायची. काही पेट्या जंगलात, काही तळ्यात. जी परत आली तिच्या कागदावर तीच आडवी रेघ. रात्री. हिवाळ्यात. उन्हाळ्यात.

आणखी एक गोष्ट त्याच्या हाती लागली. रेघ आडवी व्हायची उंची रोज सारखी नव्हती. जमिनीवर जास्त दाबाचं, निवांत हवामान असलं की ती साडेबारा किलोमीटरच्या आसपास, आणि कमी दाबाचं, वादळी हवामान असलं की दहाच्या आसपास. आता उपकरणाचा दोष असता तर त्याला खाली कुठलं हवामान चाललंय हे कसं कळणार? माझ्या मते, रात्रीच्या फुग्यांइतकाच हा पुरावा भक्कम आहे.

२८ एप्रिल १९०२ रोजी त्यानं पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आपलं टिपण ठेवलं. पाठीशी २३६ फुगे होते. त्यातले ७४ फुगे १४ किलोमीटरपर्यंत पोचले होते. टिपणाचं शीर्षक इतकं साधं की झोप यावी : ८ ते १३ किलोमीटर उंचीच्या पट्ट्यात मोकळ्या हवेच्या तापमानात होणारे बदल. आज असा शोध कुणाला लागला तर आधी प्रेस कॉन्फरन्स होईल.

गंमत पुढेच आहे. अवघ्या तीन दिवसांनी, १ मे १९०२ रोजी, बर्लिनमध्ये रिचर्ड आसमान या जर्मन शास्त्रज्ञाचा असाच निष्कर्ष जाहीर झाला! त्याच्याकडे मोजकीच, सहा उड्डाणं होती, पण फुगे रबरी होते. रबरी फुगा वर जाताना फुगत जातो, वेग टिकवून ठेवतो आणि शेवटी फुटतो. म्हणजे थर्मामीटरला वारा शेवटपर्यंत मिळतो. कागदी फुग्याची जी कमजोरी तेसराँनं २३६ वेळा घासून भरून काढली, ती आसमाननं डिझाइन बदलून एका फटक्यात काढली. हवेशीर थर्मामीटर हा त्याचा जुना विषयच होता. दोघांना एकमेकांचं काम माहीत होतं, आणि आज पुस्तकांत श्रेय दोघांना वाटून मिळतं. इंजिनिअर म्हणून माझं मत आसमानच्या बाजूनं झुकतं, हे सांगायला हवं. पण दोन वेगळ्या देशांत, दोन वेगळ्या प्रकारच्या फुग्यांनी एकच गोष्ट सांगितली, म्हणूनच जगाला ती पटली.

नावं मात्र तेसराँचीच राहिली. खालच्या, ढवळत्या थराला त्यानं ‘ट्रोपोस्फिअर’ म्हटलं, वळणे-उलटणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. वरच्या थराला ‘स्ट्रॅटोस्फिअर’. यातलं दुसरं नाव चुकीच्या कारणानं पडलं आहे! त्याची कल्पना अशी की वर हवा ढवळलीच जात नाही, म्हणजे तिथे वायू आपापल्या वजनाप्रमाणे एकावर एक थर लावून बसत असतील, जड खाली, हलके वर. थर म्हणजे स्ट्रॅटम. प्रत्यक्षात असं काही नसतं. सुमारे १०० किलोमीटरपर्यंत नायट्रोजन-ऑक्सिजनचं प्रमाण जवळपास तेच राहतं. पण नाव एकदा चिकटलं ते चिकटलं. आपल्या शाळेच्या भूगोलातले शब्द इथं उजवे आहेत, बरं का! ‘स्थितांबर’ म्हणजे स्थिर राहिलेलं आकाश. थर लागलेत की नाही याची भानगडच नाही, हवा वर-खाली होत नाही एवढंच सांगितलंय, आणि तेच खरं आहे. ‘तपांबर’ आणि मधली सीमा ‘तपस्तब्धी’ हे शब्दही पाठ करताना जड वाटतात, पण तपस्तब्धी म्हणजे तापमानाचं उतरणं जिथे स्तब्ध होतं ती जागा. तेसराँच्या काजळीच्या कागदाचं याहून नेमकं वर्णन काय करणार?

हवा वर-खाली होत नाही म्हणजे काय होतं, ते सांगतो, कारण ‘थरांचं महत्त्व लिहा’ या पाच मार्कांच्या प्रश्नाचं उत्तर सगळं यात आहे. खाली जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होते, वर जाते, गार होते, ढग होतो, पाऊस पडतो. हे चालतं कारण वरची हवा आणखी गार असते. जिथे तापमान उतरायचं थांबलं तिथे वर येणाऱ्या हवेला झाकण लागतं. वादळी ढग वर चढत चढत या झाकणाला आपटतो आणि लोहाराच्या ऐरणीसारखा आडवा पसरतो. आपलं सगळं हवामान, आणि वातावरणाच्या वस्तुमानाचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग, या झाकणाखाली आहे. खाली पडणारा पाऊस धूळ, धूर, आम्ल, सगळं धुऊन काढतो. झाकणाच्या वर पाऊस नाही. तिथे जे पोचतं ते लवकर परत येत नाही.

जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, तेव्हा दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड थेट स्थितांबरात गेला. त्याच्या बारीक कणांनी सूर्यप्रकाश अडवला आणि पुढच्या वर्षात पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशानं उतरलं. तोच वायू खाली तपांबरात सोडला असता तर थोड्याच दिवसांत पावसानं धुतला असता. फ्रीज आणि स्प्रेमधल्या सीएफसी वायूंचंही तेच. त्यांना खाली काहीच होत नाही, ते हळूहळू झिरपत वर जातात आणि तिथे त्यांच्यातला क्लोरीन सुटून ओझोन खातो. मोलिना आणि रोलंड यांनी हे १९७४ मध्ये सांगितलं, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं भगदाड जाहीर झालं आणि १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला.

ओझोन! तेसराँची रेघ आडवी का होते याचं उत्तर तिथेच दडलं होतं. स्थितांबरातला ओझोन सूर्याचे अतिनील किरण शोषतो आणि तापतो. म्हणून वर तापमान उतरत नाही, आणखी वर तर ते वाढत जाऊन ५० किलोमीटरच्या आसपास शून्य अंशाजवळ येतं. म्हणजे जे झाकण आपलं हवामान खाली कोंडून धरतं, तेच आपल्याला त्वचेच्या कॅन्सरपासून वाचवणाऱ्या वायूनं तापवलेलं आहे. फाब्री आणि ब्युइसाँ या फ्रेंच जोडीनं वातावरणातल्या ओझोनचं प्रमाण मोजलं ते १९१३ साली. त्या वर्षाचे पहिले दोनच दिवस तेसराँच्या वाट्याला आले.

आणि आजची गोष्ट. पृथ्वी तापतेय ती सूर्यामुळे की आपल्या धुरामुळे, हा वाद कॅन्टीनमध्ये कधी ना कधी होतोच. सूर्य जास्त तापला असता तर दोन्ही मजले तापले असते. कार्बन डायऑक्साइड वाढला तर तळमजला तापतो आणि वरचा मजला गार होतो. स्युकुरो मानाबे यांनी वेदराल्ड यांच्याबरोबर हे १९६७ मध्येच कॉम्प्युटरवर मांडलं होतं, आणि मानाबेंना २०२१ चं नोबेल मिळालं. फुग्यांची आणि उपग्रहांची मोजमापं नेमकं तेच दाखवतात. खाली ऊब, वर गारठा. हे दोन मजले वेगळे आहेत हेच माहीत नसतं तर हा पुरावा कुणाला वाचताच आला नसता.

१९०२ नंतर तेसराँ त्रापमध्ये बसून राहिला नाही. स्वीडनच्या उत्तरेला किरुनाला फुगे सोडले, डेन्मार्कमध्ये पतंग उडवले. मग अमेरिकेतल्या ब्लू हिल वेधशाळेच्या लॉरेन्स रॉचबरोबर भागी करून ‘ओटारिया’ नावाची बोट सजवली आणि १९०५-०६ मध्ये अटलांटिकच्या उष्ण पट्ट्यात समुद्रावरून फुगे-पतंग सोडवले. व्यापारी वाऱ्यांच्या वर उलट दिशेचे वारे खरंच आहेत का, हे बघायचं होतं. त्या सफरींतून दिसायला लागलं की विषुववृत्ताकडे जावं तशी ती सीमा वर सरकते. हे कोडं उष्ण कटिबंधातच नीट सुटणार होतं, आणि ते सोडवण्यात आपल्या हवामान खात्यातल्या के. आर. रामनाथन यांचा मोठा वाटा आहे. १९२९ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी दाखवलं की तपांबराचा माथा ध्रुवांकडे सखल आणि विषुववृत्तावर सुमारे १७ किलोमीटर उंच असतो, आणि वातावरणाच्या या खालच्या भागातली सगळ्यात थंड हवा ध्रुवावर नाही, तर विषुववृत्ताच्या माथ्यावर असते, उणे ८० ते ९० अंश! घामानं निथळत आपण ज्या आकाशाकडे बघतो, त्यात सरळ वर १७ किलोमीटरवर हा गारठा आहे. पॅरिसवर माणूस ११ व्या किलोमीटरला दुसऱ्या मजल्यावर पोचतो, आपल्याला मात्र आणखी पाच-सहा किलोमीटर जिने चढावे लागतात.

मानसन्मान उशिरा आले. १९०८ मध्ये ब्रिटनच्या रॉयल मिटिऑरॉलॉजिकल सोसायटीचं सायमन्स सुवर्णपदक, १९१० मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीचं सदस्यत्व. तेव्हा तो पंचावन्नचा होत होता. २ जानेवारी १९१३ रोजी दक्षिण फ्रान्समधल्या कान इथं तो वारला. वय ५७. स्थितांबरात माणूस प्रत्यक्ष पोचला तो त्यानंतर १८ वर्षांनी. २७ मे १९३१ रोजी ऑगस्ट पिकार आणि पॉल किप्फर ॲल्युमिनियमच्या बंद गोळ्यात बसून १५,७८१ मीटरवर गेले.

त्रापची वेधशाळा तेसराँच्या मागे फ्रेंच सरकारकडे गेली. ७ जानेवारी १९२९ रोजी रोबेर ब्युरो नावाच्या माणसानं तिथूनच एक फुगा सोडला. त्याच्या पेटीत एक छोटा रेडिओ ट्रान्समीटर होता, आणि तापमान किती ते फुगा वर जाता जाताच खाली ऐकू येत होतं. ‘रेडिओसाँड’ हा शब्दही ब्युरोचाच. आज जगभरच्या शेकडो केंद्रांवरून ठरलेल्या वेळी असे फुगे सुटतात. भारतात ही वेळ पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास पडते, आणि मुंबईत सांताक्रूझला हवामान खात्याचं असं केंद्र आहे. पेटी शेतात पडली तरी शेतकऱ्यानं ती परत आणून द्यायची वाट आता कुणाला बघावी लागत नाही.